केळीच्या सालीतले ठिपके

२४ सप्टेंबर, बुधवार
आज परत केळ्यांचा कार्यक्रम. साली मला, केळी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना. आता कुणी हातही लावत नाही. आमचे शिपाई नाना तर मला पिशवी घेऊन येताना बघून पोटावर हात ठेवतात. "ताई, परवाची अजून जिरली नाहीत." जळगावात राहून केळ्याला नाही म्हणतात, काय म्हणावं!
साली चिरून, पाण्यासकट पोलादी डब्यात बंद करून भट्टीत. संध्याकाळी डबा उघडला तर फिक्या चहासारखं पाणी. अंधारात त्यावर जांभळी बॅटरी मारली आणि निळं निळं झालं. तीन वर्षं बघतेय, तरी दर वेळी जीव खूश होतो. माझे ठिपके, सालीतल्या कार्बनचे अतिसूक्ष्म कण. एकेकटा कशानेच दिसायचा नाही, पण सगळे मिळून कसे उजळतात!
आता त्यांना फोलिक अॅसिड चिकटवायचं. कॅन्सरच्या पेशींना त्याची हाव जास्त. म्हणजे त्यांनी ठिपके गिळून चमकायचं आणि निरोगी पेशींनी काळंच राहायचं. तसं झालं तर उद्या गाठ काढताना डॉक्टरला तिची कड दिसेल. एवढंच. लिहायला काय जातंय.
जाताना सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर पीएच.डी.चा विषय बदलू." चष्मा पुसत म्हणाले, म्हणजे मनापासून म्हणाले.

२९ सप्टें., सोम.
निरोगी पेशींना फोलिक चिकटवलेले ठिपके घातले, धुतल्या, मायक्रोस्कोपखाली त्यांची काचेची बशी ठेवली. काळोख! झकास. काही दिसलं नाही म्हणून नाचणारी मी एकटीच असेन. फोटो काढून ठेवला. कॅ. पेशी अजून वाढताहेत, त्यांचा नंबर दसऱ्यानंतर.
घरी सासूबाईंना सांगितलं. त्या धरणगावच्या, पटलं नाही की अहिराणीत शिरतात. "केयानी साल गायले टाकतस, अन् तू बाटलीमा भरस!" गायींनी माझ्यावर केस करायला हवी.

१ ऑक्टो., खंडेनवमी
प्रयोगशाळेत पूजा. नानांचा थाट काय वर्णावा. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. मायक्रोस्कोपला हळदकुंकू लावायचं नाही यावरून दरसालचा वाद. शेवटी त्याच्या टेबलाला लावलं. तराजूच्या पेटीला, भट्टीला, फ्रीजला रीतसर. मग मला म्हणाले, "ताई, तुमचं हत्यार कोणतं?" मी ठिपक्यांची बाटली पुढे केली. झाकणावर बोटभर हळद, कुंकू, वर झेंडूची पाकळी. हात जोडले.
काय मागितलं ते लिहीत नाही. देवाला पाठ झालंय.

३ ऑक्टो., शुक्र.
उजळल्या!! अख्खी बशी! कॅ. पेशी अशा पेटल्यात की डोळा काढवेना. सरांना हाताला धरून आणलं, अगदी हाताला धरून. त्यांनी बघितलं, परत बघितलं. "जरा पिवळट नाही का वाटत?" मग स्वतःच म्हणाले, पेशीच्या आत गेल्यावर रंग सरकतो कधी कधी.
काल आपट्याचं सोनं वाटलं, आज खरं मिळालं. येताना जिलबी. नवऱ्याला दीपनगरच्या वीजकेंद्रात फोन केला, तो ड्यूटीवर, पाठीमागे यंत्रांचा धडाका, त्याला अर्धंच ऐकू आलं. तरी ओरडला, "पार्टी!"

६ ऑक्टो., सोम.
शनिवारी धुळ्याला डॉक्टरांची बैठक आहे, सरांनी तिथे माझं नाव घातलं. चक्क नवीन शर्ट घालून आलेत. "निरोगी पेशींचा फोटो जरा धूसर आहे, परत काढ. दोन्ही शेजारी ठेवू." काढते की.

८ ऑक्टो., बुध.
निरोगी पेशीही उजळल्या.
तशाच. तेवढ्याच.

(नंतर) जेवण गेलं नाही. मधल्या वेळात काय बदललं? तीच बाटली, तेच पाणी, तीच मी.
आणि जे मनात आलं तेही लिहिते. २९ तारखेचा काळा फोटो माझ्याकडे आहे. ३ तारखेचा उजळलेला आहे. दोन्ही शेजारी ठेवले की सोन्यासारखा निष्कर्ष, कुणी विचारणारही नाही. कॉम्प्युटरवर ठेवून बघितले सुद्धा. सुंदर दिसतात. मग स्वतःचाच असा राग आला की फाईल धाडकन बंद केली.
सासूबाई बाजूला येऊन बसल्या. "तुले बठ्ठं येस, मंग रडस कसाले?" बठ्ठं? सगळं कुठे येतंय, आई.

९ ऑक्टो., गुरु.
सापडलं! हसू की रडू.
काळोख्या खोलीत बाटलीवर बॅटरी मारली. आतलं पाणी निळं, पण झाकणाची कड पिवळीधमक. आणि झाकण धरलेली माझी बोटंही! सकाळी डब्यासाठी वांग्याची भाजी केली होती.
हळद, बाई, हळद! तीही जांभळ्या उजेडात चमकते, हे मला माहीत होतं, पुस्तकात वाचलेलं. पण खंडेनवमीची हळद ही हळद असते हे डोक्यातच आलं नाही, ती पूजा होती ना! झाकण उघडताना आत पडली, पाण्यातून बशीत, आणि पेशींनी आनंदाने खाल्ली. हळदीला कॅन्सर काय नि निरोगी काय, सगळे सारखेच. २९ चा काळोख पूजेच्या आधीचा.
खात्री म्हणून साध्या पाण्यात चिमूटभर हळद घालून तेच पाणी पेशींना दिलं. उजळल्या. बिनठिपक्यांच्या!

१० ऑक्टो., शुक्र.
सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "बाटलीला कुणी लावली?" "मीच पुढे केली, सर." मग बॅटरी उचलून स्वतःच्या बोटांवर मारली. वरण-भात खाऊन आलेले, बोटं पिवळी. आधी ते हसले, मग मी. नाना धावत आले, त्यांना कळल्यावर बिचारे कानाला हात लावायला लागले. "नाना, तुमचं काही चुकलं नाही, पुढच्या वर्षीही पूजा करायची, फक्त बाटली कपाटात."
सर : "उद्या धुळ्याला काय दाखवणार?"
"हेच."
"हसतील."
"हसू देत, सर."
कपाळावर हात मारला त्यांनी. पण नाव काढून घेतलं नाही.

११ ऑक्टो., शनि.
एसटीने धुळे. ऊन असं की खिडकीची पट्टी हाताला चटका देते. हळदीचा भाग आला आणि अख्खं सभागृह हसलं, मलाही हसू आवरेना. छानच वाटलं खरं तर.
चहाच्या वेळी एक सर्जन बाई आल्या, पन्नाशीच्या, आवाज मोठा. "मी बायकांच्या गाठी बोटांनी चाचपून काढते. कड कळत नाही. जास्त कापलं तरी त्या बाईचं नुकसान, कमी कापलं तरी तिचंच. हळद राहू दे. तुझे ठिपके चमकतात का?"
"माहीत नाही, मॅडम. कॅन्सरच्या पेशींवर ते स्वच्छ असे कधी बघितलेच नाहीत."
"मग बघ की गं." रागावून नाही, मावशी बोलते तसं.
परतताना शेवभाजी खाल्ली, नाकातोंडातून धूर. आज पोटभर जेवले.

१४ ऑक्टो., मंगळ.
नव्या साली, नवा डबा, नवी बाटली. डब्यातही हळदीची भाजी नाही, दही-भाकरी. सासूबाईंना कारण सांगितलं तर म्हणाल्या, "हयद तर चांगली ऱ्हास ना माय!" चांगलीच असते, फक्त आगाऊ असते.
सर येऊन बघून गेले. विषय बदलण्याचं काढलं नाही. विसरले नसणार.

१७ ऑक्टो., वसुबारस
संध्याकाळी. उद्यापासून दिवाळीची सुट्टी, इमारत रिकामी. या वेळी दोन्ही बश्या एकाच दिवशी, एकाच बाटलीतून.
निरोगी आधी बघितली. काळोख. स्वच्छ, गच्च काळोख. मागच्या वेळी याच्यावर नाचले होते. आता कळतंय, नुसत्या काळोखाला अर्थ नाही. दुसरी बशीही काळी निघाली तर ठिपके कुणाच्याच पेशीत शिरत नाहीत. मग तीन वर्षं गेली आणि विषयही गेला.
भीती वाटतेय. पण गंमत म्हणजे आतून मजाही येतेय. आज जे दिसेल ते फक्त माझ्या ठिपक्यांचं असेल, उजेड काय नि अंधार काय.
दुसरी बशी ठेवलीय. अजून डोळा लावलेला नाही, आधी हे लिहून घेतलं.
नाना दाराशी किल्ल्या वाजवताहेत. "ताई, कुलूप लावू ना?"
म्हटलं, "थांबा हो नाना. एक बशी राहिलीय."