दोर मी ओढणार

मंगळागौरी, काशी
घटस्थापना

ती. स्व. देवव्रतदादास,

शरूचा साष्टांग नमस्कार. हा नमस्कार लिहायला सोपा आहे, घालायला अजून जमत नाही. खाली गेले तर मला उठवायला वेणीमाधवकाकांना तळमजल्यावरून बोलवावं लागेल. इकडे सर्व क्षेम. नंदावहिनींची पाठ आता कशी आहे? त्यांना म्हणावं, पाठीच्या बाबतीत सल्ला हवा असेल तर मला विचारा.

अक्षर पाहून तू पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं असशील. अक्षर माझंच आहे. पेनाला कापडी पट्टी गुंडाळली की उजव्या हातात ते धरवतं. ओळी चढतात, उतरतात, मधेच हात थकला की मी थांबते आणि चहा पिते. चहाचा पेलाही मीच धरते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. कागदाचं बोलणं मधेच तोडता येत नाही.

तुझा निरोप मिळाला. दसऱ्यानंतर येणार, मला पुण्याला नेणार, खालची खोली रिकामी केली आहे, परतीची दोन तिकिटं काढली आहेत. मला कोणी विचारलं नाही. शाळेत मुलींना धातुरूपं शिकवणारी बाई मानेखाली दुबळी झाली, म्हणजे डोक्यानेही गेली, असं तुम्ही सगळ्यांनी ठरवलं आहे का?

आता त्या मास्कबद्दल, ज्याला तू 'थोतांड' म्हणालास. पुण्याला बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस, नीट ऐक. इथल्या इस्पितळात नाकातोंडावर मास्क बसवतात. मिनिटभर त्यातून कमी ऑक्सिजनची हवा येते, मग साधारण तेवढाच वेळ साधी हवा, असं अर्धा तास आलटूनपालटून. माझा मज्जारज्जू पुरता तुटलेला नाही, काही धागे शाबूत आहेत. हवा कमी झाली की शरीर दचकतं, आणि त्या दचकण्याने ते धागे थोडे जागे होतात, असा अंदाज आहे. ते जागे असताना लगेच हाताचा आणि चालण्याचा व्यायाम करायचा. अजून हे संशोधन आहे, खात्रीचा इलाज नाही, हे सुश्रुत डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं. मी सही केली. सही म्हणजे तेव्हा नुसता फराटा होता.

पहिल्या दिवशी मी काय केलं ते ऐक, तुला हसू येईल. मास्क लागला, आणि मला वाटलं, श्वासाच्या परीक्षेत आपण कोणाला हार जाणार? बाबा तुला एका श्वासात ऋचा म्हणायला शिकवत आणि मला ओसरीवर बसवत, तरी माझा श्वास तुझ्याहून लांब पुरायचा, हे तुलाही ठाऊक आहे. मी सरळ कुंभक लावला, श्वास कोंडून बसले. यंत्र ओरडायला लागलं. तिथे व्यायाम घेणारी हिमानी धावत आली. म्हणाली, "दीदी, आपसे साँस लेने को कहा है, समाधि लगाने को नहीं।" मी म्हटलं, आमच्या घरची रीत आहे. ती म्हणाली, "रीत घर पर रखके आइए।"

तेव्हा तू लिहून पाठवलेला 'घरीच कुंभक कर, तेच फळ मिळेल' हा उपायही परत घे. हा आपला प्राणायाम नव्हे. घरी श्वास कोंडायचा नाही, असं डॉक्टरांनी मला बजावलं आहे, आणि मी ऐकून घेते. कधी कधी ऐकतेसुद्धा.

तू म्हणालास, अशा प्रयोगात अर्ध्या लोकांना साधीच हवा देतात, तुलाही तीच दिली असेल. असेल. आम्हाला सांगत नाहीत, हिमानीलाही ठाऊक नाही, यंत्राचा पडदा दोघींकडे पाठ करून असतो. हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकून मी दोन दिवस जेवले नाही. मग वाटलं, साधी हवा असेल तर ही ओळ साध्या हवेवर लिहिली आहे. वॉकर धरून मी मंगळागौरीच्या देवळाच्या दारापर्यंत जाते, तेही साध्या हवेवर. मला त्यात काय कमीपणा? उपचार अजून चालू आहेत, आणि ते सोडून मी पुण्याच्या खालच्या खोलीत येणार नाही.

इथवर लिहून थांबले होते. ही गोष्ट लिहायची नाही असं ठरवलं होतं. पण तू का नेतोस ते मला कळतं, म्हणून लिहिते.

तू सगळ्यांना सांगतोस, शरू घाटाच्या पायरीवरून घसरली. डॉक्टरांना मीही तेच सांगितलं. पण मी घसरले नव्हते, दादा. बाबा गेल्यानंतरचा तो पहिला कार्तिक. पंचगंगा घाटावर त्यांच्या नावाचा आकाशदिवा चढवायचा होता. दिव्याची टोपली बांबूच्या टोकाकडे निघाली होती, दोर तुझ्या हातात होता आणि मी खाली उभी होते. पुण्यातल्या वहिनींना दिवा दाखवायला तू एका हाताने खिशातून मोबाइल काढलास. दोर सुटला, टोपलीच्या हिसक्याने बांबू कलंडला आणि माझ्या मानेवर आला.

मी हे कोणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. रागावले होते. पहिलं वर्षभर खूप रागावले होते, तुझा फोन आला की काकांना 'झोपली आहे' म्हणायला सांगत असे. आता तो राग नाही. पण माझ्या आंघोळीपांघोळीची सोय लावून तू मोकळा होशील, हे मला चालायचं नाही. मी तुझं प्रायश्चित्त नाही. बाबा माझ्याबद्दल म्हणायचे, सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. वैतागून म्हणायचे, मी ते कौतुक समजत आले.

त्या कार्तिकानंतर बाबांचा दिवा चढला नाही. मागच्या वर्षी तू आला नाहीस, आणि मुलीने दोर ओढायचा नसतो असं काकांनी मला समजावलं. या कोजागरीला, इथला कार्तिक लागताना, तो चढणार आहे. काकांनी बांबू पुरून दिला आहे, कुरकुरत का होईना. पायऱ्यांवर बसायला खुर्ची नेणार आहेत. दोर मी ओढणार. हिमानीला विचारलं, ती म्हणाली, व्यायामच समजा, पण मागे कोणीतरी पक्कं धरणारं हवं.

दसऱ्यानंतर मला न्यायला नको, कोजागरीला दिव्यासाठी ये. परतीचं एक तिकीट रद्द कर. मोबाइल घरी ठेव, आणि माझ्या मागे उभा राहून दोराचं टोक दोन्ही हातांनी धर.

काशीतच राहणारी,
तुझी शरदिनी