पिस्ता साडी आणि करवलीची जागा

साखरशेत, ता. जव्हार
बाजाराचा दुसरा दिवस

ती. तुळशीआत्या हिला,

करिष्माचा पाया पडून नमस्कार. (धड असलेल्या पायाला. प्लास्टरच्या पायाला लांबूनच.) पाय कसा आहे? खाजतो का? खाजत असेल तर आतमध्ये काडी घालू नको, नाशिकला एका बाईने विणकामाची सुई घातली होती, ती आतच राहिली. शेळ्या कशा आहेत? लंगडी व्याली का? आमच्याकडे सगळे बरे आहेत. आई नव्या सुनेला अजून पाहुणीसारखी वागवते, त्यामुळे भांडी मीच घासते. बाबांचा खोकला आहे तसाच आहे. आम्हाला आता त्याची सवय झालीय, थांबला की घाबरायला होतं.

हे पत्र शेजारच्या प्रेमावहिनींकडून वाचून घे, तुझ्या लेकाकडून, रूपेशकडून, नको. फोन केला असता, पण तुझा फोन म्हणजे रूपेशचाच फोन. शिवाय तुमच्या वांगणीत रेंज मिळवायला टेकडीवर जावं लागतं न तुझा पाय असा. (प्रेमावहिनी, तुम्हालाही नमस्कार. मधलं गाळू नका, आत्याला लगेच कळतं. न हसू आलं तर आधी वाचा, मग हसा.)

तर तुझा निरोप पोचला. गोरखदादाचं लग्न झालं, आता करिष्मा आम्हाला सून म्हणून द्या, मामाची पोर म्हणजे हक्काची, रूपेश पण हातचा जाण्याआधी आवरून टाकू, असा निरोप. बाबांनी मला बसवून सांगितला न म्हणाले, “उत्तर तूच लिही. मी हो म्हटलं तर तू मोडशील न मी नाही म्हटलं तर माझी बहीण मला मोडेल.” म्हणून लिहायला बसलेय. उत्तर याच पत्रात आहे, घाबरू नको. पण आधी तुला लग्नाचं सांगते, कारण तू पायामुळे आली नाहीस न रूपेशने घरी येऊन काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. जेवण चांगलं होतं, एवढंच.

तुला ठाऊकच आहे की साखरशेतात फॅशन माझ्यापासून सुरू होते. हे मी माझ्या तोंडाने म्हणू नये, पण दुसरं कोणी म्हणतच नाही. बारावीच्या इंग्रजीने मला सोडल्यापासून मी पुष्कळ फिरले. वापीला धाग्याची कंपनी, भिवंडीला गोदाम, नाशिकला द्राक्षाचा मळा, मधे विक्रमगडला पार्लरचा अर्धा कोर्स (भुवया शिकले, केसांपर्यंत पोचले नाही). लोक म्हणतात पोरगी कुठे टिकत नाही. पण गेले तिथून काहीतरी घेऊन आले की नाही? भिवंडीहून पाठीवर लटकन लावायचा ब्लाऊज आणला. वापीहून साडीखाली पांढरे बूट घालायचं आणलं. तेव्हा सगळ्या बाया हसल्या न आता उमरीच्या पोरी हळदीला बुटांवरच नाचतात. न नाशिकची गोष्ट तर तुला सांगायचीच राहिली. तिथे मोठ्या मॉलमध्ये काचेमागे एक बाहुली उभी होती न तिला काय नेसवलं होतं सांगू? गुडघ्यापर्यंत लुगडं! तू भाताच्या आवणीला चिखलात उतरताना नेसतेस ना, मागे घट्ट खोचलेलं, तेच. खाली बूट, वर गॉगल. मी तिथल्या पोरीला सांगितलं, माझी आत्या हे रोज नेसते. तिला वाटलं तू हिरोईन आहेस. मी पण वाटू दिलं. आत्या, तू इतकी वर्षं फॅशनच्या पुढे चाललीस न आपण सगळे समजत होतो की तू मागे राहिलीस. (टीव्हीतल्या बायांचं मात्र मला पटत नाही. त्या दागिने घालून झोपतात. कानाला टोचत नाही का?)

हां, लग्न. गोरख माझा एकुलता भाऊ, म्हणजे करवली मीच. करवलीचा मान काय असतो हे तुला मी काय सांगू, बाबांच्या लग्नात तूच कलश धरून उभी होतीस न त्याच्या गोष्टी तू आम्हाला भात कांडताना सांगायचीस. नवऱ्याच्या मागे उभं राहायचं, हातात नारळाचा कलश, सगळा मांडव आपल्याकडे बघतोय. मी तर लहानपणी तांब्यावर कांदा ठेवून सराव करायची. मग ठरलं की आपल्याकडच्या सगळ्या पोरींनी एकसारखी साडी नेसायची, तशी आता सगळीकडे पद्धतच पडलीय, न निवडायचं काम माझ्यावर आलं. आता राणी रंग सगळ्यांच्या लग्नात झाला, मोरपंखी तर खोडाळ्यापर्यंत झाला. मी जव्हारच्या बाजारात दुकानदाराचा सगळा माल खाली काढायला लावला न पिस्ता निवडला. पिस्ता आत्या! जांभळा काठ. दोन तालुक्यांत कोणाकडे नसेल असा. घरी येऊन मी तो नेसून, पदराला बारीक चुण्या पाडून, पार्लरसारखी तिरकी उभी राहून फोटो काढला न स्टेटसला ठेवला.

तिथेच घात झाला. आमच्या नवऱ्या मुलीने, म्हणजे चंद्रावहिनीने, तो फोटो आपल्या चुलतबहिणीला दाखवला. तिचं नाव सपना. न सपना सगळ्या पोरींना घेऊन त्याच दुकानात गेली न फोन पुढे करून म्हणाली, ही द्या. दुकानदाराने उरलेला सगळा गठ्ठा देऊन टाकला. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी आमच्या जीपा मोखाड्याच्या पुढे त्यांच्या पाड्यावर पोचल्या, मी ऐटीत उतरले न समोर बघते तर स्वागताला अख्खी पिस्त्याची रांग! जांभळा काठ, पदराला बारीक चुण्या, उभ्या पण माझ्यासारख्याच तिरक्या. मला वाटलं समोर कोणी आरसा धरलाय. आधी राग आला. मग, खरं सांगते, छाती जरा फुगली. फोटो दाखवून जी मागतात तीच खरी फॅशन. पण मग बेंजो सुरू झाला, दोन्हीकडच्या पोरी एकमेकींत मिसळल्या न माझ्यावर जी वेळ आली ती वैऱ्यावर येऊ नये.

त्यांच्याकडे एक गोदीबाय आहे, चंद्रावहिनीची आजेचुलती. तिला रंग दिसतात, तोंडं दिसत नाहीत. पिस्ता म्हणजे आपल्या घरची, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी नुसती पाणी प्यायला मांडवामागे गेले तर तिने मनगट धरलं. “उभी काय रायलीस गं नटमोगरे? वऱ्हाड आलंय न ह्या फोटो काढतात. डाळ लागंल खाली, घे पळी!” मी म्हटलं, बाय, मी नवऱ्याकडची, मी करवली. तर म्हणते, “हां, न मी नवरी. ढवळ!” आता म्हाताऱ्या माणसाशी भांडायचं कसं? मी ढवळली. (डाळ लागली नाही हे मात्र लिहून ठेवते. त्या लग्नात डाळीची तारीफ झाली ती माझी होती.) मग मला बादली देऊन पंगतीत पाठवलं. पंगतीला कोण? आपलीच माणसं. मोठे काका मान खाली घालून जेवत होते, म्हणाले, “पोरीकडच्यांचं वाढप लई हळू बा.” न बाबा! माझा सख्खा बाप! माझ्या बादलीकडे बघून शेजारच्याला सांगतो, “ह्यांच्या पोरी नटतात पण वळण नाही. आमची करिष्मा असती तर एव्हाना दुसरा भात फिरला असता.” आत्या, मला आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी चांगलं म्हटलं न ते मी समोर उभी असताना, दुसरी समजून! रडू की हसू कळेना. मी त्यांना जास्त डाळ वाढली.

तेवढ्यात लग्न लावणाऱ्या धवलेरीचं गाणं सुरू झालं. म्हणजे लग्न लागायला आलं. मी बादलीसकट मांडवाच्या कडेला धावले न बघते तर गोरखदादाच्या मागे, माझ्या जागेवर, कलश घेऊन सपना! तिचाही दोष नव्हता. माझ्या आईने पिस्ता बघून तिला पाठीत ढकललं होतं, “चल गं करिष्मे, तुझीच वाट बघतात” म्हणून. पोटच्या पोरीला आईने ओळखू नये? नंतर विचारलं तर म्हणाली, तू इतकी पावडर लावलीस की मी आशा सोडली होती. मधे माणसांची ही गर्दी, मला पुढे जाता येईना. जवळ एकच ओळखीचा माणूस उभा होता, तुझा रूपेश. त्याने मात्र मला लगेच ओळखलं. “करे, तू बादली घेऊन काय करतीस?” मी म्हटलं, ते सोड, पुढे जा न त्या पोरीला सांग की ती जागा माझी आहे. तो म्हणाला, “आत्ता सांगतो,” न बाह्या वर करत गेला. मला वाटलं, माझा वाघ गेला.

वाघ गेला तो गेलाच. मी टाचा वर करून बघतेय, तर हा तिच्याजवळ जाऊन काही बोलला, ती काही बोलली, न मग हा तिच्या शेजारी कलश धरून उभा! तिचा हात अवघडला होता म्हणे. अक्षता पडल्या, फोटो निघाले, ढोल वाजले न आपल्या घराण्याच्या करवलीच्या जागी एक परकी पोर न तुझा मुलगा, दोघांच्या मधे नारळ. तो फोटो आता आमच्या भिंतीवर लागणार आहे, मोठा करून. मी कुठे आहे? मागे, डाव्या कोपऱ्यात, एक पिस्ता कोपर दिसतं न बादलीची कडी.

मी भांडायच्या तयारीने सपनाला गाठलं. तर तीच कलश पुढे करून म्हणाली, “ताई, घे गं तुझं तू. मला सोडीतच नव्हते. न तुझ्या फोटोत चुण्या कशा बसल्यात? मी तीनदा लावल्या न तीनदा सुटल्या.” आता सांग, अशा पोरीशी भांडण कसं होणार? मी मांडवामागे नेऊन तिच्या चुण्या नीट बसवून दिल्या. मग नाच झाला. दोन्हीकडच्या पोरी एकाच रांगेत, टोकाचं माणूस दिसेना इतकी लांब पिस्त्याची रांग, असा नाच त्या पाड्यावर कोणी बघितला नव्हता. म्हाताऱ्या म्हणायला लागल्या, काय ही दोन घरांची एकी, ठरवून एक रंग घेतला! कोणी ठरवलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी. खोटं काय आहे त्यात? पुढच्या दोन लग्नांच्या साड्या निवडायला मला आत्ताच बोलावणं आहे, एक थेट त्र्यंबकच्या बाजूचं.

असं झालं लग्न. पायाची काळजी घे. प्रेमावहिनींना चहा दे, पुष्कळ वाचलं त्यांनी.

तुझी लाडकी भाची,
करिष्मा

ता. क. — उत्तर राहिलंच. आत्या, त्या दिवशी आईने मला ओळखलं नाही, बापाने नाही, ज्याचं लग्न होतं त्या भावाने वळून पण बघितलं नाही. रूपेशने ओळखलं, कारण तो मला सायकल शिकवताना माझ्यासकट ओढ्यात पडलाय न दर भाऊबीजेला माझ्या ताटात चिल्लर टाकून नोट परत काढून घेतो. त्याला सख्खी बहीण नाही. म्हणजे तुझ्या घरी करवलीची जागा रिकामी आहे. ती मला दे. सुनेच्या जागेवर मला उभी केलीस तर मी चार महिन्यांत वापीला पळेन न तुला शेजारणींना तोंड दाखवायची चोरी होईल. करवली म्हणून उभी केलीस तर मी जन्मभर येत राहीन, भाऊबीजेला, आवणीला, तुझा दुसरा पाय मोडला तरी. मी नाही म्हटलं असं बाबांना कळवू नको. करिष्माने जागा बदलून मागितली असं कळव.

दुसरी ता. क. — मग सून कोण, असं तू आता प्रेमावहिनींना विचारशील. नाच चालला असताना त्या सगळ्या सारख्या पोरींत रूपेश पाणी मागत फिरत होता न एकदाही चुकीच्या पोरीकडे गेला नाही. मी चार वेळा मुद्दाम तांब्या घेऊन पुढे गेले, म्हणाला, तहान नाही. (प्रेमावहिनी, हे हळू वाचा, तो पडवीत असेल.)

तिसरी ता. क. — सपनाला मी काही विचारलेलं नाही, शपथ. तिनेच काल फोन केला. रूपेशचं नाव घेतलं नाही. आधी चुण्यांचं विचारलं, मग पिस्ता साडीवरचा डाग कसा काढायचा ते विचारलं न ठेवता ठेवता म्हणाली, “ताई, ते वांगणीला पाण्याची विहीर घरापासून लई लांब आहे का गं?” मी जवळ आहे म्हणून सांगून टाकलंय. पाय बरा झाला की नळाचं तेवढं बघ.