रिकामी खुर्ची

३ मार्च
आलो एकदाच्या! पाण्याला लागून केवढं हे हॉटेल, गावच म्हणा ना. परिषदेच्या सभागृहाची तर अख्खी भिंत काचेची, पलीकडे पाणीच पाणी. मी खोल्या आवरायला, धाकटी सभागृहात चहा द्यायला. आईला फोन केला, तुझी लाडकी माझ्या नजरेसमोर आहे, निवांत झोप. लाडकीचं पहिल्याच दिवशी सुरू, पाय दुखतात. नवाबाची लेक!

५ मार्च
इथली एक गंमत. परिषदेत खुर्च्या रिकाम्या दिसल्या की मालकाचं नाक कापलं जातं. मग सुपरवायझर आम्हा नोकरांपैकीच कुणाला तरी कोट चढवून, गळ्यात पाहुण्याचं ओळखपत्र अडकवून बसवतो. इतरांबरोबर टाळ्या वाजवायच्या, बास. आज त्याने माणूस मागितला, तर मीच धाकटीला पुढे ढकललं. म्हटलं, जा बाई, एसीत बस, पायांना आराम दे.

६ मार्च
धाकटी पायांचं नाव काढत नाही. भाषण कशावर होतं विचारलं, तर म्हणे अजून संपलेलं नाही. पायमोजे ओलेचिंब. ओळखपत्र झोपतानाही गळ्यातच.

८ मार्च
कुठेतरी पाणी मुरतंय. सभागृह पाहुण्यांनी भरलेलं असतं, पण रोज खोल्या मी आवरते, त्यांच्यापैकी एकाचीही चादर चुरगळलेली नाही. आचाऱ्याला विचारलं. म्हणाला, ते जेवतही नाहीत. संध्याकाळी काचेच्या भिंतीतल्या दाराने पाण्याकडे जातात. तिकडे ना धक्का, ना होडी. पुन्हा विचारू नकोस म्हणाला.

९ मार्च
धाकटी मला मॅडम म्हणाली. चेष्टाच असेल. आईचा फोन तिच्या हातात दिला, तर तिने टाळ्या वाजवल्या. नुसत्या टाळ्या. आई रडायला लागली.

१० मार्च
धाकटीला घरच्या बसकडे ओढत निघाले. फाटकातूनच वळली, सरळ सभागृहात. सुपरवायझरची कॉलर धरली. तो म्हणाला, भरलेली खुर्ची रिकामी होत नाही. बदली माणूस दिला तरच —

मेल्या, आधी सांगायचंस ना!

११ मार्च
कोट घातला. बसले. वही मांडीवर.

धाकटी दारात उभी आहे, ढसाढसा रडतेय. ताई, पाय दुखतात म्हणतेय. देवा, किती बरं वाटलं ऐकून. जा गं, मागे बघू नकोस —

गालिचा ओला. घोट्यापर्यंत. माझे पाय मुळीच दुखत नाहीत.

दार लागलं. ती मुलगी बाहेर आहे. कुणाची बरं —

टाळ्या. सगळे वाजवतायत. मी नाही वाजवणार, हातात पेन घट्ट धरलंय, मी नाही