रोज चाळीस डवले

४ नोव्हेंबर १९६०, शुक्रवार. सायंकाळी ६

मशीन आलं. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला, तिथून बैलगाडीने नागावला. लाँचवाला सारखा म्हणत होता, तुमच्या लोखंडाने लाँच कलते. अडाणी माणूस.

बत्तीस वर्षं मुंबईच्या फर्निचर कारखान्यात टाइमकीपर होतो. बँडसॉ माझ्याइतका कोणी बघितलेला नाही. माझ्या केबिनच्या काचेतून समोर तोच दिसे. वर एक चाक, खाली एक चाक, दोन्हींवरून फिरणारी दातेरी पट्टी. लाकूड पुढे सरकवायचं की झालं. कारखान्याने नवीन घेतला, जुना मी उचलला.

अर्धं गाव बघायला. गुणाजी सुतारही आला. चहूबाजूंनी फिरला, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, "भाऊ, गुळगुळीत करायला ह्याला काय हाय?" मी वरच्या चाकावरची धूळ पुसली.

योजना: लाकडी डवले, म्हणजे खोल पोटाचे, दांडीचे पळे. पीठ, मीठ, तांदूळ, सुका जवळा काढायला घरोघरी लागतात, दुकानोदुकानी लागतात. गुणाजी एक डवला कोरायला अर्धा दिवस घेतो. मी रोज चाळीस करणार. संक्रांतीपर्यंत दोन हजार. गुणाजीचं वाईट वाटतं. पण प्रगती कोणासाठी थांबत नाही.

६ नोव्हेंबर, रविवार

मशीन पुढच्या पडवीत बसवलं, रस्त्यावरून दिसेल असं. चालवायला वाडीतलं ऑइल इंजिन. ते मागे विहिरीवर पंपाला जोडलेलं होतं; चार माणसं लावून पुढे आणलं.

वेणूबाई (आमची मंडळी) म्हणाली, पोफळींना पाणी कसं द्यायचं? नारळ तग धरतील, पोफळी धरणार नाहीत. मी मुंबईत असताना ही वाडी तिनेच लावली, म्हणून तिला वाटतं पोफळीतलं सगळं तिलाच कळतं. टाइमटेबल करून दाखवलं. सोमवार ते शुक्रवार करवत, शनिवार-रविवार इंजिन परत विहिरीवर. तिने ते दोनदा वाचलं आणि घडी करून परत दिलं. पटलं असावं.

१२ नोव्हेंबर, शनिवार

पट्टी तुटली. एकच दिवस चालली होती. फणसाच्या ओंडक्यात घुसली, दाताखाली खडा आल्यासारखा आवाज झाला आणि गेली. गुणाजी कुंपणावरून म्हणाला, लाकूड वलं हाय, सावलीत ठेवा, चैतापर्यंत सुकंल. चैत्रापर्यंत म्हणे. हे लोक असेच मागे राहिले. मुंबईत लाकूड वाळत घातलेलं मी कधी बघितलं नाही. (लाकडाचं कोठार केबिनमधून दिसत नसे, तो भाग वेगळा.)

नवी पट्टी लावण्यात दिवस गेला. आज शनिवार, पण इंजिन हलवलं नाही. एखादा आठवडा चालतं.

२० नोव्हेंबर, रविवार

पहिला डवला पूर्ण. ११ वाजून ४० मिनिटांनी.

पद्धत माझी स्वतःची. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या कापून काढायच्या, मधल्या तुकड्याचं पोट पट्टीने कोरायचं, मग फळ्या सरसाने पुन्हा चिकटवायच्या. तीन तुकड्यांचा एक डवला. गुणाजी एका लाकडातून कोरत बसतो, कारण त्याला दुसरं सुचत नाही.

पट्टीच्या दातांच्या आडव्या रेघा सगळीकडे उठल्या आहेत, आतून, बाहेरून. वेणूबाई म्हणाली, घासायचा राहिला वाटतं. मी सांगितलं, याला टेक्स्चर म्हणतात. कारखान्यात एकदा एक परदेशी मडम आली होती, ती एका न घासलेल्या फळीवर हात फिरवून "लव्हली" म्हणाली होती. मी स्वतः ऐकलं. गुळगुळीत वस्तू कोणीही करतो.

वाडी हिरवीगार आहे. दोन आठवडे पंप नाही, तरी हिरवीगार. मी आधीपासून म्हणतो, पोफळीला लोक उगाच पाणी पाजतात.

२८ नोव्हेंबर, सोमवार

तुळशीला डवला दाखवला. ही कोळीवाड्यातली, सुकी मासळी विकते, वेणूबाईची मैत्रीण. आवाज असा की लाटा मागे सरतात. तिने डवला जवळ्याच्या टोपलीत खुपसला आणि उलटा केला. जवळा खाली पडेना. प्रत्येक रेघेत एकेक अडकून बसलेला. म्हणाली, "यान जवला अरकतंय, हरेश्वरभाऊ. गिऱ्हाईक बोलंल, तुलशी मापात मारते." मग टोपलीच्या काठावर आपटला, तर एक बाजू निघून आली.

दणकट हात. अशा हातांसाठी हा माल नाहीच.

हल्ली ती रोज दुपारी येते. दोघी मागे विहिरीकडे जातात आणि दोन-दोन तास परत येत नाहीत. बायकांना गप्पांना वेळ किती असतो. इंजिनाच्या आवाजामुळे काय बोलतात ते ऐकू येत नाही, ते एक बरं.

६ डिसेंबर, मंगळवार. पहाटे ५

विचार सुचला, म्हणून लगेच लिहितो. शेर-पायली जाऊन किलो आला. दुकानदार गोंधळलेले. बरोबर एक किलोचा डवला काढायचा. एकदा भरला की एक किलो, तराजू नको. सरकारच्याही डोक्यात आलं नसेल.

सकाळी ८. वेणूबाईला सांगितलं. तिने विचारलं, "तांदळाचा किलो की पोह्यांचा?" तिला सगळ्यात खोट काढायची सवय आहे.

तूर्त किलोचा विचार बाजूला.

१५ डिसेंबर, गुरुवार

आजवर एकोणीस डवले. पैकी धड अकरा. रोज चाळीसचा हिशेब सुरुवातीच्या उत्साहात मांडला होता. रोज दहाही वाईट नाहीत. उद्यापासून पाचला उठायचं.

गुणाजी आला. काखेत एक डवला, शिवणीच्या एका लाकडातून कोरलेला. पडवीच्या कट्ट्यावर ठेवून म्हणाला, "भाऊ, नमुना म्हनून असूं दे. पोट असं खोल घ्या, म्हंजे सांडत न्हाय." मला शिकवतो. ठेवून घेतला, माणुसकी म्हणून. आतून इतका गुळगुळीत की बोट घसरतं. वस्तूला काही व्यक्तिमत्त्वच नाही. माझ्या मालात टाकून दिला.

जाताना तो घरी न जाता मागे विहिरीकडे गेला, हातात हातोडी. आमच्या विहिरीवर सुताराचं काय काम? विचारणार होतो, पण पट्टी सुटली.

२७ डिसेंबर, मंगळवार

वेणूबाई लंगडते. पाय सुजलेत. मी म्हटलं, चहा कमी कर. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं." मग पायरीवर बसून कितीतरी वेळ पोटऱ्या चोळत होती. वय झालं की बायका फार बसून राहतात, त्याने रक्त साकळतं. फिरायला जात जा म्हणून सुचवलं.

मागच्या कडेच्या रांगेत काही शेंडे पिवळे दिसले. कसली तरी कीड असणार.

१४ जानेवारी १९६१, शनिवार. संक्रांत

एकूण त्रेसष्ट. दोन हजार हा आकडा मनाला जोर यावा म्हणून घेतला होता. अलिबागला पुढच्या रविवारी ग्रामोद्योगांचं प्रदर्शन आहे. मुंबईहून साहेब येणार. अर्ज केला. इथल्या लोकांना दाखवून काय उपयोग? गाढवाला गुळाची चव काय?

२२ जानेवारी, रविवार. सायंकाळी ५

सगळं नीट लिहून ठेवतो.

टेबल मिळालं ते एका चुलीशेजारी, जिथे धूर न होणारी चूल दाखवत होते. तिच्यावर वरण उकळत ठेवलेलं. माझे बेचाळीस डवले मांडले. लोक यायचे, हात फिरवायचे आणि हात झाडून पुढे जायचे. एका म्हातारीने विचारलं, हे पाठ खाजवायला का? असला प्रेक्षकवर्ग.

साडेअकराला साहेब आले. मी टेक्स्चरबद्दल सांगितलं. शांतपणे ऐकत होते. शिकलेला माणूस वेगळाच. मग म्हणाले, वापरून दाखवा. पीठ नव्हतं, मीठ नव्हतं. मी डवला शेजारच्या वरणात घातला. मोठ्या भांड्यातून वरण काढायलाही उपयोग होतो, हे दाखवायला.

सरस उकळत्या वरणात विरघळतो. कारखान्यात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही बाजू सुटून वर तरंगू लागल्या, माझ्या हातात नुसती दांडी. चूलवाली बाई म्हणाली, "आता हे वरण कोण खाणार?" लोक हसले. हसणाऱ्यांत अलिबागचे निम्मे लोक होते.

साहेब मात्र हसले नाहीत. खाली वाकून त्यांनी टेबलाखाली उरलेल्या ढिगातून एक डवला उचलला, आत अंगठा फिरवला, उजेडात धरला. "हा तुम्ही केला?" म्हणाले. "हे काम आहे. असे दोनशे पावसाळ्याआधी द्याल?"

मी हो म्हणालो.

तो गुणाजीचा होता. खुलासा करण्याइतका वेळ नव्हता. साहेब पुढे निघाले होते. निदान निघण्याच्या बेतात होते.

२३ जानेवारी, सोमवार

गुणाजीकडे गेलो. आधी पद्धतशीर बोललो: मोठी ऑर्डर आहे, देखरेख माझी, हातकाम त्याचं, त्याचा फायदा. तो काम करत ऐकत होता. मान वर केली नाही.

मी गप्प झाल्यावर म्हणाला, "दोनशे करीन. पन आधी इंजान हिरीवर न्या. वैनीचे पाय ऱ्हायले न्हाईत."

मी विचारलं, वेणूबाईच्या पायांचा इंजिनाशी काय संबंध?

तो आता माझ्याकडे बघू लागला. रागाने नाही. एखाद्या लाकडाकडे बघतात, आतून पोखरलंय का, तसा. म्हणाला, "भाऊ, इंजान पुढं नेलं त्याच्या दोन दिसांनी जुना पायरहाट मी सांधून दिला. तवापास्नं वैनी सकाळच्याला रहाटावर, दुपारी तुळशीबाय हाताखाली येते. रोज पायानं पानी काढतात. तुमाला ठावं न्हाय?"

मी म्हणालो, ठाऊक आहे. अर्थात ठाऊक आहे.

मग घरी न येता समुद्रावर जाऊन बसलो.

२४ जानेवारी, मंगळवार

आज करवत चालू केली नाही. सकाळी सातला मागे गेलो. इंजिन बंद असल्यामुळे रहाटाची करकर पडवीपर्यंत येत होती.

वेणूबाई आडव्या बांबूला धरून रहाटावर उभी, पायाने एकेक दांडा खाली दाबतेय, रहाट फिरतोय, मडकी वर येऊन पन्हळीत रिकामी होताहेत. पदर खोचलेला. पायाला चिंध्या बांधलेल्या. मला बघितलं तरी थांबली नाही.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस?

म्हणाली, "सांगितलं. चारदा सांगितलं."

घरी येऊन ही वही चाळली. तशी नोंद सापडली नाही. टाइमटेबल केल्याची आहे.

दुपारी परत गेलो. म्हटलं, उतर, मी करतो. ती उतरली. मी चढलो. घड्याळ बघून सात मिनिटं. सातव्या मिनिटाला डाव्या पोटरीत वांब आला आणि दांडा नडगीवर बसला. तुळशी तेवढ्यात आली होती. ती काही बोलली नाही, नुसता हात धरून मला खाली घेतलं आणि स्वतः चढली. तिने बोलायला हवं होतं.

मागच्या कडेची रांग गेली. एकोणीस पोफळी. वेणूबाईने एकेकीला हात लावून दाखवलं. कीड नाही.

बत्तीस वर्षं दीडशे माणसांची हजेरी लिहिली, पाच मिनिटं उशिरा आलेला माणूस माझ्या नजरेतून सुटला नाही. आठ नोव्हेंबरपासून अठ्ठ्याहत्तर दिवस होतात. मोजले.

२ फेब्रुवारी, गुरुवार

इंजिन विहिरीवर. हलवायला पुन्हा चार माणसं लागली, पैकी एक मी. वेणूबाई पंप सुरू झालेला बघून आत गेली आणि दुपारपर्यंत झोपली. जेवायला उठवायला गेलो, तर तुळशीने दारातूनच परत पाठवलं.

साहेबांना पत्र लिहिलं, की तो डवला नागावच्या गुणाजी सुताराने केलेला आहे. तीन कागद फाडले. चौथा पोस्टात टाकला.

बँडसॉ कुणाला हवा असेल तर बघतो आहे. तूर्त कोणी विचारलेलं नाही. कोंबड्या खालच्या चाकाजवळ बसतात.

गुणाजी पडवीत कामाला बसतो. मी म्हणालो, देखरेख करतो. तो म्हणाला, देखरेख नको, घासायला बसा. लाकूड घासायला इथे मुशी माशाचं वाळलेलं खरखरीत कातडं वापरतात, तुळशी आणून देते. भयंकर वास. दोन वेळा हात धुऊनही जात नाही. मुंबईत पॉलिश पेपर मिळतो, हे सांगून बघितलं.

सकाळी आठ ते बारा, दुपारी दोन ते पाच. अकरा डवले घासले. संध्याकाळी गुणाजीने एकेकात अंगठा फिरवला, चार बाजूला काढले आणि माझ्यासमोर ठेवले.

"खरबरीत हाईत, भाऊ. परत घासा."