पोळपाटावरचा आकडा

बाबा, मागच्या आठवड्यात मुंबईत हर्रास झाला, तिकडे त्याला लिलाव म्हणतात. लाकडाचा नाही, चित्रांचा. त्यात आपला पोळपाट गेला. हो, आईचाच, सागवानाचा, बिनपायाचा, लाटताना डुगडुगायचा तो. तुम्ही असते तर पहिलं हेच विचारलं असतं, "आता पोळ्या कायच्यावर लाटाच्या?" आणि मी काहीतरी फटकन उलट बोलली असती. सकाळपासून मी हे पत्र लिहायला बसते आणि उठते. चहा दोनदा केला, दोन्ही वेळा थंड झाला. खरं तर मला दुसरंच पत्र लिहायचं आहे. ज्या बाईंनी तो पोळपाट घेतला त्यांना माझ्या अक्षरात एक पत्र हवं आहे, तुमच्याबद्दल आणि त्यावरच्या आकड्याबद्दल. फ्रेम करून त्याच्या शेजारी लावणार म्हणे. सोमवारी माणूस न्यायला येतो. एक ओळ लिहून झाली, "माझे वडील सरकारी लाकूड डेपोत लाकडांवर नंबर टाकायचे." इथवर सारं खरं आहे. पुढची ओळ लिहायची म्हटलं की मी चहा ठेवायला उठते. कारण त्या पोळपाटावरचा आकडा तुमच्या हातचा नाही, बाबा. तो मी टाकला आहे, आणि तुमच्या हातचा म्हणून विकला गेला आहे.

तुमचं काम मला अजून जसंच्या तसं दिसतं. एटापल्लीकडून ट्रक येतात, लाकूड उतरतं, थप्प्या लागतात, आणि तुम्ही रंगाचा डबा घेऊन थप्पीवर चढता, कडेला पाय सोडून बसता. बाकीचे नंबरवाले खाली चिखलात उकिडवे बसायचे. तुमचे गुडघे दुखायचे, शिवाय थप्पीखालून कधी साप निघेल याचा नेम नाही, म्हणून हा तुमचा शोध. वरून वाकायचं आणि आकडा उलटा लिहायचा, म्हणजे समोर उभ्या माणसाला सुलटा दिसतो. तुमचा आकडा शेपटीपासून सुरू व्हायचा आणि डोक्याशी संपायचा. भरलेला ब्रश आधी शेपटीला टेकायचा, म्हणून तुमच्या सहाची शेपटी जाडजूड आणि डोकं बारीक. साऱ्या डेपोत तुमचे आकडे लांबून ओळखू यायचे. मी शाळेत पाटी उलटी धरून तसं लिहून पाहिलं तर बाईंनी कान पिळला. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही इतके हसले की तुम्हाला ठसका लागला, आणि आई आतून ओरडली, "पोरीले काईबाही शिकवू नका!"

आणि काही आकड्यांच्या खाली तो ठिपका. नंबर टाकायच्या आधी तुम्ही दगडानं लाकडावर ठोकून ऐकायचे. खणखणीत आवाज आला तर भरीव, भदभद आला तर आतून पोकळ, वरून कितीही गुळगुळीत दिसो. पोकळ निघालं की आकड्याच्या खाली बोटाएवढा ठिपका. मोठ्या व्यापाऱ्यांजवळ लाकूड ठोकून पाहणारी त्यांची माणसं होती. चिमूरकडून चार खांब आणि एक चौकट घ्यायला आलेल्या माणसाजवळ कोणी नव्हतं. तुमचा जेवणाचा डबा घेऊन आली होती तेव्हा मी विचारलं होतं, "हे काऊन, बाबा?" तुम्ही वर न पाहता म्हणाले, "ज्याले घर बांधाचं हाय, त्याले मालूम पायजे." मी म्हटलं, "मंग तोंडानं सांगत काऊन नाई?" तर म्हणाले, "तोंडानं सांगितलं तं नोकरी जाईन. ठिपका तं ठिपकाच हाय." चिमूरची माणसं एकमेकांकडून अर्थ ऐकून आलेली असायची, ठिपका पाहायची आणि गुमान दुसऱ्या थप्पीकडे सरकायची. कोणी कोणाला काही बोलायचं नाही.

मग तो दिवस. कोणत्या तरी व्यापाऱ्यानं कागाळी केली असावी. डेपोच्या साहेबानं सगळ्या मजुरांसमोर, हर्रासाला आलेल्या लोकांसमोर तुम्हाला थप्पीवरून खाली बोलावलं. "तू काय लाकडाचा डॉक्टर आहेस का रे?" आणि चिंधी आणि रॉकेल हातात दिलं. तुम्ही एकेक ठिपका पुसत गेले. मी डबा धरून उभी होती. बापाला असं अरे-तुरे केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि बाबा, मला साहेबाचा राग आलाच नाही. तुमचाच राग आला. घरी जाताना रस्ताभर मी तुमच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून चालली, कारण तुमच्या हाताला रॉकेलचा वास येत होता. तुम्हाला ते समजलं होतं. पण तुम्ही इतकंच म्हणाले, "पुसलं तं पुसलं. लाकूड काई भरीव नाई झालं." दुसऱ्या दिवशी ठिपके परत होते, जरा बारीक.

तुम्ही रिटायर झाले त्या दिवशी डेपोच्या करवतीवरच्या चाचांनी तुमच्या शेवटच्या लॉटातल्या एका लाकडाचं तोंड कापलं, आकड्यासकट, ताटाएवढी चकती, आणि तुमच्या हातात दिली. "लो भाऊ, अब पेन्शन पे रोटी बेलो." आईनं ते शब्दशः घेतलं. आकड्याची बाजू खाली, लाटायची बाजू वर. रोज राखेनं दोन्हीकडून घासायची. तुम्ही गेले, मग आई गेली, आणि पोळपाट माझ्याकडे नागपूरला आला तेव्हा आकड्याच्या जागी नुसता पांढुरका डाग उरला होता. बरीच वर्षं तसाच पडून होता. दोन वर्षांमागे माझ्या चित्रांच्या एका प्रदर्शनासाठी मी तो भिंतीवर लावला आणि त्या डागावर पांढऱ्या रंगानं आकडा लिहिला, २७६. लिहून झाला आणि माझा हात आपोआप खाली गेला, ठिपका देऊन आला. इतकंच काम. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मग हर्रासवाल्यांचा फोन आला. एक गोड आवाजाची पोरगी विचारत होती, "मॅम, नंबर तुमच्या वडिलांच्या हातचाच ना?" कुकरची शिट्टी होत होती, मला घाई होती, मी "हो" म्हटलं. मनात असं होतं की काम तुमचं, पद्धत तुमची, म्हणजे आकडाही तुमचाच. पण तिनं 'हातचा' असंच विचारलं होतं आणि मी मराठी न समजणारी बाई नाही. पुढं हर्रासातल्या मालाची माहिती देणारं छापील पुस्तक आलं तेव्हाही एक फोन करता आला असता. केला नाही. त्यात ठिपक्यावर अर्धं पान लिहिलं होतं. आपण बौद्ध, म्हणून त्यांना त्यात शून्यता दिसली, ध्यान दिसलं, काय काय दिसलं. मी आधी पोट धरून हसली. मग एकदम हसू गेलं आणि पुस्तक मी कपाटात कपड्यांच्या खाली सारलं.

हर्रासाला तुम्ही पाहिजे होते, खरंच सांगते. मोठ्या हॉटेलातला हॉल, गालिचा असा की स्वतःच्या पायाचा आवाज येत नाही. पण बाकी सारं आपल्या डेपोतलंच. लॉट नंबर तोच, बोली तीच, शेवटी हातोडाही तोच, फक्त खेळण्यातल्यासारखा लहान. आपल्याकडे व्यापारी कान खाजवून बोली वाढवायचे, तिथं एक म्हातारे गृहस्थ पेन नुसतं तिरकं करायचे. भिंतीपाशी पोरी कानाला फोन लावून उभ्या, पलीकडून कोण बोली लावतं ते त्यांनाच ठाऊक. आधी एका नामांकित माणसाचं निळं चित्र आलं, ते डोळा मिटेस्तोवर गेलं, टाळ्या झाल्या. मग एका तरुण मूर्तिकाराचं लोखंडाचं काम आलं. पुकारणाऱ्यानं तीनदा विचारलं, कोणी मान हलवली नाही, तो "पास" म्हणाला आणि पुढच्या लॉटवर गेला. तो पोरगा माझ्या पुढच्याच रांगेत होता. त्याची मान मागून लाल झालेली मला दिसली. त्याचं काम चांगलं होतं, बाबा, माझ्यापेक्षा चांगलं होतं, आणि भरीव होतं. मग आपला पोळपाट पडद्यावर मोठा होऊन आला. पुकारणारा इंग्रजीत म्हणाला की हा आकडा कलाकाराच्या मजूर वडिलांनी स्वतः लिहिलेला आहे, आणि दोन फोन आणि एक तिरकं पेन असे भिडले की थांबेचनात. मी उठून खरं सांगू शकत होती. पाय जमिनीला टेकलेले होते, तोंड होतं, सारं होतं. मी बसून राहिली. हातोडा पडला तेव्हा लोक वळून माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवत होते आणि मी हसत होती, तेच माझं फोटोत आलं आहे.

परत आली तरी जीव थाऱ्यावर येईना. परवा उठली आणि एसटीनं भद्रावतीला गेली, चाचांकडे. ते आता लेकीजवळ राहतात, कानानं कमी ऐकू येतं, पण नजर करवतीसारखीच आहे. पाणी पिऊन झाल्यावर मी पोळपाट विकल्याचं सांगितलं आणि फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी हात लांब करून पाहिला.

"हे कोनाचं हाय?"

"बाबाचंच, चाचा."

"खोटं नको बोलू बेटा. भाऊ असा लिहेच नाई. सहाची शेपटी पाह्य, बारीक हाय. त्याची जाडी राहे. हे तं कोनी समोर उभं राहून लिवलं."

त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला आणि त्यांना ठिपका दिसला. मग ते जे हसायला लागले! त्यांची लेक आतून पाहायला आली.

"पोकळ माल विकला काय वं तू?"

"हो."

"मंग सांगून विकला म्हन ना. त्यात रडून काऊन राह्यली?"

"ठिपक्याचा अर्थ तिथं कोणालेच मालूम नाई, चाचा."

ते हसायचे थांबले. फोन माझ्या मांडीवर ठेवला. "मंग तो ठिपका कायचा? तो तं नुसता रंग झाला." आणि लेकीला म्हणाले, "इसको खाना खिला के भेजना." मी दोन घास खाल्ले आणि परतीची एसटी पकडली.

तेव्हापासून हेच चाललं आहे, बाबा. ठिपका दिला म्हणून मी स्वतःला किती दिवस प्रामाणिक समजत होती! तुम्ही ठिपका द्यायचे तो ज्याला वाचता येतो त्याच्यासाठी. मी दिला तो कोणाला वाचता येणार नाही याची खात्री करून. एवढा फरक कळायला मला पंचावन्न वर्षं आणि एक एसटीचं तिकीट लागलं. खरं सांगितलं तर पोळपाट परत येईल, नाव जाईल, ते छापील पुस्तकवाले पुन्हा दारात उभं करणार नाहीत. घाबरली आहे मी, चांगलीच घाबरली आहे. तरी आत्ता दुपारी, हे तुम्हाला लिहिता लिहिता मध्येच, त्या बाईंचं पत्र पूर्ण केलं. लिहिलं की हा आकडा माझ्या हातचा आहे, वडिलांचा आईच्या घासण्यानं पुसला. लिहिलं की खालचा ठिपका म्हणजे शून्यता नव्हे, आमच्या डेपोत त्याचा अर्थ आतून पोकळ असा होतो, आणि तुम्हाला घर सजवायचं आहे तर तुम्हाला मालूम पाहिजे. परत करायचं असेल तर मी घेईन. सही केली, पाकीट चिकटवलं, आणि डिंक वाळायच्या आत शेजारच्या पोस्टात टाकून आली. सोमवारपर्यंत थांबली असती तर मन बदललं असतं, मी मला ओळखते.

हे पत्र मात्र कुठं जायचं नाही, ते या टेबलाच्या खणात राहील. यात एक ओळ आहे जी त्या बाईंच्या पत्रात घालायची होती आणि खोडावी लागली. "माझ्या वडिलांनी टाकलेला मूळ आकडा होता," एवढं लिहून मी अडली. तो आकडा कोणता होता, हे चाचांना निघताना विचारलं होतं. ते म्हणाले, "मले का मालूम बेटा? म्या फक्त कापून देल्ला. पाट तं तुमच्याच घरी होता." २७६ मी असाच मनानं टाकला, बाबा. कॉलेजच्या सुट्टीत मैत्रिणी घरी यायच्या, तेव्हा मी तो पोळपाट धुऊन भिंतीला टेकवून ठेवायची, आकड्याची बाजू भिंतीकडे करून, त्यांनी तुमच्या कामाचं विचारू नये म्हणून. आईनं घासून पुसला असं मी साऱ्यांना सांगते, त्या बाईंनाही तेच लिहिलं. पण तो पुसायच्या आधी कितीतरी वर्षं चांगला लख्ख होता, आणि मी तो एकदाही वाचला नाही.