तानूची पाठराखीण

मु. वडूज

सौ. रंगूस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

सगळ्यांच्या आधी मुलाची मावशी उतरली. गाडीतनं तिला उतरवायला दोघंजण लागले, आणि उतरता उतरताच तिनं आमची म्हस किती दूध देती ते विचारून घेतलं. (तुझी खुशाली विचारायची राहिलीच. गुडघा कसा हाय? पाटणच्या गारठ्यात लसणीचं तेल चोळत जा.) मागनं मुलाचे चुलते, लालासाहेब आले, आणि माझ्या शेंडेफळाला, तानूला बघायचा कार्यक्रम सुरू झाला.

तू लिहिल्यापरमाणं नातीला, मनूला, शेजारच्या भामाबाईकडं गूळ-शेंगा देऊन बसवलं होतं. सहा वर्सांची झाली तरी पोर बोलत न्हाई, पाव्हण्यांनी बघितलं तर घराण्यात खोट काढतील, तानूचं जमता जमता मोडंल, हे तुझं म्हणणं मला पटलं. मनूची आई दिवसभर चुलीपाशी फणफणत होती. मनूचा बाप, माझा मानसिंग, लढाईवर हाय म्हणून बरं, न्हाईतर लेकीला लपवली म्हणून त्यानं बंदूक आमच्यावरच रोखली असती. (त्याला पत्रं लिहिता लिहिताच मला अक्षर आलं, म्हणून हे एवढं लांबतंय.)

तसं मनूला ऐकू सगळं येतं. सकाळी विचारावं भाकरी पाहिजे का, तर दुपारी "व्हय" येतं. तानू तिला रोज शिकवती: हनुवटी धरून तोंड वर करायचं, पहिलं अक्षर द्यायचं आणि गप बसायचं.

तर तानू पाटावर बसली. लालासाहेबांनी नाव विचारलं, आणि आमची ही चुरूचुरू बोलणारी पोरगी दगडासारखी गप. पुन्हा विचारलं, तरी गप. मावशी चुलत्यांच्या कानाला लागली, पण तिचं कुजबुजणं गोठ्यापर्यंत ऐकू जातं. "वाटंत लोक म्हणत हुते ह्या घरात मुकी पोर हाय. हीच ती." मी घाईघाईनं शिऱ्याची ताटली तिच्या हातात दिली.

एवढ्यात परड्याच्या दारानं मनू आली, तोंडाला गूळ माखलेला. सरळ तानूपुढं बसली, तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, "ता" म्हणाली आणि थांबली. रंगू, काय थांबली गं. आमी मोठी माणसं कुणासाठी एवढं थांबत न्हाई. सगळं घर थांबलं, मावशीसुद्धा. मग तानूच्या तोंडातनं "तानुबाई जोतीराम" निघालं, आणि त्यामागं गाव, मामाचं गाव, सगळं धडाधडा आलं.

चुलत्यांनी विचारलं, ही कोण. मी 'शेजारची' म्हणायला तोंड उघडतीय तर तानूच बोलली, "माझी भाची. हिला समदं कळतं, शब्द घावायला येळ लागतो. सासरी पाठराखीण म्हणून हीच येणार."

लालासाहेब मनूकडं वळले. मग म्हणाले, "तर मग हिलाबी पाट मांडा की."

मावशीनं मनूला नाव विचारलं. उत्तर न्हाई. मंडळी उठली, गाडी मारुतीच्या देवळापर्यंत गेली, तवा पोर मागनं पळत सुटली आणि ओरडली, "मनू." मावशीनं गाडी थांबवली. पुन्हा दोघांनी तिला उतरवलं. तिनं पोरीचे गुळाचे गाल दोन्ही हातांनी कुरवाळले. मी तिच्यामागं धावत देवळापुढं आले होते, पण हात जोडले ते मनूकडं बघून.

तुझी थोरली,
हरणा

ता. क. पाठराखीण म्हणून तू यायचं ठरलं होतं, तुला लुगडंबी कबूल केलं होतं. ती जागा गेली. लुगड्याच्या पैशात मनूला परकर शिवतीय. रागावू नको, आणि आलीस तर तिला काय विचारशील त्याच्या उत्तराला थांब.

आणखी ता. क. जाताना मावशीनं मनूला विचारलं, "मी पुन्हा येऊ का गं?" उत्तर अजून आलेलं न्हाई. मंडळी सुपारी फोडायला शुक्रवारी यायची हायेत, तवर येईल.