बुधवारी येणाऱ्या मावशींच्या कागदाला पोच मिळणेबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी,
भोर, जि. पुणे.

अर्जदार : अश्विनी सोनबा खुटवड, रा. कामथडी, ता. भोर (समाजशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी)

विषय : सोबतच्या सीलबंद पाकिटाला आवक क्रमांक व गोल शिक्का मिळणेबाबत.

संदर्भ : १) महाविद्यालयाचे परवानगीपत्र, सात अटींसह. २) अर्जदाराचे त्याच महाविद्यालयास चार अर्ज, उत्तर नाही.

महोदया,

१. अर्जदार ही महाविद्यालयांत मुलींचा होणारा लैंगिक छळ आणि तो 'चालायचंच' म्हणून पोटात घालणारी आजूबाजूची माणसे, या विषयावर संशोधन करीत आहे. घरी 'मुलींचे शिक्षण' एवढेच सांगितले आहे, कारण खरा विषय काढला की वडील ताटावरून उठतात. भोर येथील एका महाविद्यालयाने (नाव पाकिटात आहे) तिला दर बुधवारी अकरा ते तीन बसण्याची परवानगी दिली. टेबल दिले ते स्टाफरूमच्या दारासमोर, वर कॅमेरा, आणि मागे हा एवढा थोरला फ्लेक्स : 'लैंगिक छळाबाबत येथे बोला.' आता सांगा, कोण पोरगी बोलेल? तिथे नुसती उभी राहिली तरी एसटी नसरापूरला पोहोचायच्या आत गावात बातमी, आणि जमत आलेली सोयरीक फिसकटलीच म्हणून समजा. मुली ओढणी सारखी करीत पलीकडच्या व्हरांड्याने जात. टेबल ग्रंथालयामागे हलवावे म्हणून अर्जदाराने चार अर्ज केले, ते कुठे गेले कोण जाणे.

२. गणेश चतुर्थीची सुट्टी वगळता अर्जदार अकरा बुधवार बसली. एकही विद्यार्थिनी आली नाही. शिपाई धनाजी तेवढा दुपारी चहा ठेवून जाई, तोही दुसरीकडे बघत. खोटे कशाला बोलावे, अर्जदाराला त्या टेबलाशी फार एकटे वाटले. डबा उघडायचीसुद्धा लाज वाटे. भेटलेल्या विद्यार्थिनींची नावे दर आठवड्याला कार्यालयात द्यावीत अशी अट होती. नाव असते तरी दिले नसते, पण नव्हतेच, म्हणून ती 'निरंक' लिहून देत राहिली. त्या निरंकांची गड्डी लावून महाविद्यालयाने आपल्या अहवालात छापले की, येथे छळाचा एकही प्रकार नसल्याचे संशोधनाअंती सिद्ध झाले आहे. खाली अर्जदाराचे जाहीर आभार. म्हणजे तिच्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीचेच त्यांनी प्रशस्तिपत्र करून घेतले!

३. परंतु एक बाई आल्या होत्या, चौथ्या बुधवारी. त्या विद्यार्थिनी नसल्याने महाविद्यालय त्यांना मोजत नाही. त्यांचे नाव येथे लिहिता येत नाही, म्हणून मावशी म्हणू. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यात राहतात, मेंढरे राखतात. डोंगर उतरून मार्गासनीहून एक एसटी, नसरापूरहून दुसरी. फ्लेक्स त्यांना वाचता येत नव्हता, बहुधा म्हणूनच त्या थेट येऊन समोर बसल्या. म्हणाल्या, "एसटीत पोरी बोलत व्हत्या, हितं बाई लिवून घेत्यात. माजी लेक हितं शिकत व्हती. लई हुशार. आता मेंढरांमागं बी येत न्हाई, भितीकडं तोंड करून बसती. लिवा."

४. अर्जदाराने लिहून घेतले. त्याच रविवारी वर वाडीत जाऊन मुलीला विचारले. ती एकोणीस वर्षांची. दीड वर्षापूर्वी शेवटचा तास आणि एसटी यांच्या मधल्या वेळात महाविद्यालयाच्या आवारातच तिच्यावर कोणी हात टाकला आणि पुढे काय झाले, ते तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले (तोच कागद पाकिटात आहे). अर्जदार नियमाप्रमाणे संशोधनाचे माहितीपत्रक तिच्या हाती देऊन निघाली. घोटाळा इथेच झाला. मावशींना वाटले, तक्रार नोंदली गेली. तेव्हापासून दर बुधवारी त्या मेंढरे शेजारणीच्या हवाली करून भोरला येतात आणि विचारतात, "बाई, निकाल लागला का?" अर्जदार 'बघते' म्हणते. हा अभ्यासाचा कागद आहे, त्याचा निकाल लागत नसतो, हे सात बुधवार तिच्या तोंडून निघाले नाही. खरे तर मावशी आल्या की तिलाच बरे वाटे, तेवढीच सोबत. ही लबाडी ती येथे कबूल करते.

५. काल रविवारी ती खरे सांगायला वर गेली. मावशी रानात होत्या. मुलीने रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीतून ते माहितीपत्रक काढून दाखवले. मावशी ते पोच समजून जपत होत्या. त्यावर अर्जदारानेच छापलेली ओळ आहे : 'या संशोधनातून आपणास कोणताही थेट लाभ होणार नाही.' मुलगी म्हणाली, "म्या पयल्याच दिवशी वाचलं व्हतं. आईला न्हाई सांगितलं. बुधवारी ती वहाणा घालून निगती ना, तवा वाटतं कुनीतरी माज्यासाटी चाललंय." मग म्हणाली, "ताई, आता जितं शिक्का मारत्यात तितं न्या ह्ये."

६. मुदत उलटली, मुलगी आता पटावर नाही, संशोधकाला तक्रार करता येत नाही, ही तिन्ही उत्तरे महाविद्यालयाकडून तोंडी ऐकून अर्जदाराला पाठ झाली आहेत. ती कृपा करून पुन्हा देऊ नयेत. पाकीट आपण स्वतः उघडावे, वाचावे आणि चौकशी लावावी. येत्या बुधवारी अर्जदार त्या टेबलाशी बसणार नाही. मावशींना घेऊन अकरा वाजता आपल्या कार्यालयात आवक खिडकीशी उभी राहील. मावशींना अक्षर कळत नाही, पण गोल शिक्का कळतो. तो उठला तर अर्जदाराला त्यांना सगळे खरे सांगता येईल. नाही उठला, तर पुढच्या बुधवारी त्या पुन्हा वहाणा घालून निघतील, आणि मुलगी त्यांना अडवणार नाही.

खिडकीशी वाट पाहणारी, आपली नम्र,

(सही)
अश्विनी सोनबा खुटवड
कामथडी, दि. २२ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) सीलबंद पाकीट, वर मुलीची लेखी संमती.
२) या अर्जाची दुसरी प्रत, शिक्क्यासाठी खाली जागा सोडून. रेशनकार्डाच्या पिशवीत मावेल अशी घडी घातली आहे.
३) माहितीपत्रक जोडलेले नाही. ते अजून मावशींकडे आहे.